वाडा खणाने मोजतात, मग खणानेच वाचवावा

गावातल्या पडक्या वाड्याचा फोटो फेसबुकवर आला की पुढचा संवाद पाठ असल्यासारखा चालतो. एक गट हळहळतो: आपल्याकडे वारशाची कदर नाही, सरकार झोपले आहे. दुसरा गट हसतो: ज्यांना तिथे एक रात्रही काढायची नाही त्यांनीच जपायच्या गप्पा माराव्यात, पाडा आणि स्लॅब टाका, साप-विंचू तरी जातील. थोड्या वेळाने जात निघते, मग पेशवाई निघते आणि वाडा बाजूलाच राहतो. त्याच फोटोत नीट पाहिले तर बहुधा एक गोष्ट दिसते, जिच्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. पन्हळ तुटलेली असते, तिच्याखाली भिंतीवर हिरवट-काळा ओघळ असतो आणि ओघळ जिथे संपतो तिथे भिंतीने पोट काढलेले असते. वाडा तिथून पडतो. अभिमानाने तो उभा राहत नाही आणि तिरस्काराने कोसळत नाही. पाणी कुठे मुरते यावर सगळे ठरते.

वाडा हे मुळात शेतीचे घर आहे. दरवर्षीची डागडुजी थांबली आणि मालकीचे तुकडे झाले, म्हणून तो पडतो; वय हे कारण फार थोड्या वाड्यांना लागू होते. त्यामुळे एका दमात संपूर्ण जीर्णोद्धार करण्याचा हट्ट सोडावा, पाडण्याची घाईही सोडावी, आणि एका वेळी दोन-तीन खण (दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण) अशा बेताने तो राहता करावा, जमेल तितक्या त्याच्या जमिनीसकट, असे माझे म्हणणे आहे. ज्यांना हे फारच साधे वाटते त्यांनी पुढचे तपशील तपासून पाहावेत.

जमिनीसकट का, ते आधी. देशावरच्या जुन्या कागदांत गावाचे दोन भाग येतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शिवारातली जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. वाडा पांढरीवर उभा असला तरी जगत होता काळीवर. त्याची रचनाच पाहा. भिंतीतले बळद धान्यासाठी, चौकाच्या किंवा ओट्याच्या पोटातले पेव वर्षाच्या ज्वारीसाठी, परसात गोठा आणि विहीर, माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, वाळवण. बैल आत येईल एवढा दरवाजा. मृग लागण्याआधी माळवदावर नवी पांढरी माती चोपायची, भिंती लिंपायच्या, पन्हळी साफ करायच्या, हे सगळे शेतीच्या वेळापत्रकात बसलेले होते; मजूर शेतावरचा, माती गावाची, लाकूड बांधावरचे. हा धागा तुटला की घर उरते, पण त्याला राखणारी व्यवस्था उरत नाही. जमीन गेल्यावर वाडा हा खर्चाचा खड्डा होतो आणि खड्ड्यात पैसे टाकत राहायला कोणीही तयार होत नाही, यात नवल ते काय?

आता विरोधकांचे सर्वांत वजनदार म्हणणे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपले असताना, किल्लारी परिसरात 6.2 च्या आसपास तीव्रतेचा भूकंप झाला आणि हजारो माणसे गेली. बहुसंख्य माणसे दगड-मातीच्या भिंती आणि माळवद अंगावर येऊन मेली. हे विसरून मातीच्या घराचे गोडवे गाणे हा निर्लज्जपणा आहे. माळवदाच्या मातीचा हिशोब करा. मातीचे वजन घनमीटरला सुमारे 1600 किलो धरले, तर 60 सेंटीमीटर जाडीच्या थरात दर चौरस मीटरवर 960 किलो होतात. तीन मीटर बाय चार मीटरच्या खोलीवर साडेअकरा टन! गळती लागली की जुना थर न खरवडता वर नवी माती टाकायची, या सवयीने जाडी पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेली. त्याखालच्या भिंती दुपदरी: बाहेरून एक दगडी पदर, आतून दुसरा, मध्ये मुरूम-मातीची भर. दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड नसतील तर हादरा बसताच पदर सुटे होतात, एक आत पडतो, एक बाहेर.

पण यातून निष्कर्ष काय निघतो? किल्लारीनंतर पाहणाऱ्यांना हेही दिसले की जिथे लाकडी सांगाडा धडधाकट होता तिथे भिंती कोसळूनही खांब-तुळया अनेक ठिकाणी उभ्याच राहिल्या. म्हणजे दोष नेमका सांगता येतो: छपराचे अतोनात वजन, न बांधलेली भिंत, कुजलेले किंवा तिरके आधार नसलेले लाकूड. तिन्हींवर उपाय आहेत आणि ते आकाशातून पडलेले नाहीत. माळवदाची माती 20 सेंटीमीटरवर आणली की तेच वजन चौरस मीटरला 320 किलोवर येते. तिच्याखाली पाणी अडवणारा जाड प्लॅस्टिकचा कागद घातला की दरवर्षी माती चढवण्याचे कारणच संपते. भिंतीत साधारण दर मीटरभर अंतरावर दगड हलक्या हाताने काढून तीनेक इंचाचे आरपार भोक करायचे, त्यात दोन्ही टोकांना आकडा असलेली 8 मिलिमीटरची सळई ठेवून काँक्रीट भरायचे, दहा दिवस पाणी मारायचे. खांब आणि तुळई यांच्या काटकोनात तिरके लाकडी आधार ठोकायचे. कमी ताकदीच्या दगडी बांधकामासाठी आयएस 13828 आणि दुरुस्ती-मजबुतीसाठी आयएस 13935 ही भारतीय मानके आहेत. त्यांच्या आधारे अभियंत्याकडून लेखी पाहणी करून घेता येते. आणि काँक्रीट म्हणजे आपोआप सुरक्षित, असे ज्यांना वाटते त्यांनी 26 जानेवारी 2001 चा गुजरातचा भूकंप आठवावा. त्या दिवशी अहमदाबादेत कोसळलेल्या बहुमजली इमारती काही पांढऱ्या मातीच्या नव्हत्या.

खरा धोका तर 'अर्धे जुने, अर्धे नवे' करणाऱ्यांकडून आहे. पुष्कळ वाड्यांत छपराचा भार लाकडी खांबांवर असतो, भिंत बव्हंशी आडोसा. मालक काय करतो? खांब काढून विकतो, कारण जुन्या सागवानाला गिऱ्हाईक तयार असते, आणि मातीत रचलेल्या त्याच भिंतीवर पाच इंची स्लॅब टाकतो. स्लॅब कमी केलेल्या माळवदाएवढाच जड असेलही; पण जो भार भिंतीने कधी उचलला नव्हता तो आता तिच्यावर आला. भिंतीला पोट पूर्वीच आले असेल तर पहिल्याच मोठ्या पावसाळ्यात चीर जोत्यापर्यंत उतरते.

दुसरा आक्षेप इतिहासाचा आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. ज्या ओसरीच्या कोरीव खांबांवर आपण जीव टाकतो त्या ओसरीवर गावातल्या अर्ध्या लोकांना पाय ठेवायची मुभा नव्हती. वतनाच्या नावाखाली राबवून घेतले जात होते म्हणूनच 1928 साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात वतन कायदा दुरुस्त करण्याचे विधेयक आणले. परगणे आणि कुलकर्णी वतने 1951 मध्ये संपली, 1957 च्या कृषक दिनाने पश्चिम महाराष्ट्रात कुळे जमिनीची मालक झाली, 1961 साली कमाल जमीनधारणेचा कायदा आला. हे सगळे व्हायलाच हवे होते. मग सरकारी पैशातून वतनदाराचा वाडा का राखायचा? माझे उत्तर: नुसता घराण्याचा मान म्हणून मुळीच राखू नये. सार्वजनिक पैसा जिथे लागेल तिथे सार्वजनिक वापराची अट हवी. पुणे जिल्ह्यातल्या वाफगावच्या होळकरांच्या वाड्यात वर्षानुवर्षे शाळा भरली. ज्या दरवाजातून सरदार निघत त्यातून पोरे दप्तरे घेऊन जाऊ लागली, याला मी वारशाचा अपमान मानत नाही. दुसरे असे की वाडा मालकाने बांधला हे म्हणणेही अर्धवट आहे. जोत्याचा दगड पाथरवटाने घडवला, चुना लोणाऱ्याने भाजला, खांबावरचे हस्त सुताराने कोरले, माती वडारांनी वाहिली. पाडल्याने मालकाची जुनी सत्ता पुसत नाही, ती केव्हाच गेली. पुसले जाते ते या लोकांचे काम. अर्थात ज्यांच्या आजोबांना त्या दारात ताटकळावे लागले त्यांना हा युक्तिवाद पटलाच पाहिजे, अशी सक्ती कोणी करू शकत नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि इथेच मला 'संपूर्ण जीर्णोद्धार' या शब्दांचा राग येतो. दोन चौकी वाड्याचे एकत्रित अंदाजपत्रक काढले की आकडा बघूनच कुटुंब हात टेकते आणि पुढची दहा वर्षे काहीच करत नाही. या दहा वर्षांतच वाडा जातो. आपल्या पूर्वजांनी घर खणात मोजले: पाच खणांचा सोपा, सात खणांचे माजघर. मोजण्याची ही रीत दुरुस्तीचीही रीत आहे. सांगाडा खणाखणाने जोडलेला असल्यामुळे एका खणाला टेकू देऊन त्याचे लाकूड बदलता येते, शेजारचा खण तसाच ठेवून. मातीच्या भिंतीच्या बांधकामात हे जमणे अवघड, काँक्रीटच्या सांगाड्यात तर जवळपास अशक्य. जी इमारत हप्त्याहप्त्याने दुरुस्त होऊ शकते तिला एकरकमी खर्चाच्या मापाने मोजून नापास करायचे, हा कुठला हिशोब?

क्रम मात्र चुकता कामा नये, आणि बहुतेकांचा तोच चुकतो. उत्साहाने पैसे जमवतात आणि पहिल्याच वर्षी दर्शनी भिंतीला प्लास्टर, ओसरीला फरशी. हे सर्वांत शेवटी करायचे काम आहे. पहिल्या वर्षी फक्त पाणी. गळणाऱ्या खणांवर तात्पुरते पत्रे, पण लाकडापासून वीतभर उंच, म्हणजे खालून वारा खेळेल. ताडपत्री थेट तुळयांवर अंथरली तर आतल्या दमटपणाने लाकूड दोन पावसाळ्यांत बुरसते. मग चौकातली मोरी मोकळी करायची. चौकाचे पाणी जमिनीखालच्या दगडी नाळीतून बाहेर जाते आणि ती नाळ बहुधा शेजारच्याच्या नव्या बांधकामाखाली बुजलेली सापडते. भिंतीत उगवलेली पिंपळाची रोपे ओढून काढू नयेत, मुळांबरोबर दगड सुटतात. बुडापाशी कापावीत, मूळ मारावे आणि मग सांधा भरावा. टेकू लावण्याआधी पेवाची जागा शोधावी. पहारीने ठोकून बघितले की पोकळ आवाज येतो. पेवावर जॅक उभा केला तर जॅक, माणूस आणि तुळई तिन्ही खाली जातील.

दुसऱ्या टप्प्यात लाकूड. सागवानाचा गाभा वाळवी सहसा खात नाही. कुजते ते भिंतीत गाडलेले टोक आणि खांबाचे बूड. टोचणी घालून पाहावे, अर्ध्या इंचाहून आत सहज गेली तर तेवढा भाग मेला. संपूर्ण तुळई बदलायची गरज क्वचित पडते. मेलेले टोक कापून, लांब तिरका सांधा घेऊन, त्याच जातीच्या जुन्या लाकडाचा तुकडा बोल्टने जोडता येतो. सांधा तुळईच्या जाडीच्या निदान तिप्पट लांब हवा, आखूड सांधा भाराखाली उघडतो. बसलेली तुळई जॅकने उचलायची ती दिवसाला दोन-चार मिलिमीटरच. एका दिवसात सरळ करायला गेले तर वरच्या कड्या (छपराची आडवी लाकडे) खोबणीतून निसटतात.

खांबाच्या बुडाची गोष्ट जरा थांबून बघण्यासारखी आहे. खांब जमिनीत पुरत नसत, दगडी तळखड्यावर उभा करत. तळखडा फरशीपेक्षा चार-सहा बोटे वर, त्यामुळे अंगण धुतले, पाऊस उडाला तरी पाणी दगडावरून ओघळून जाई आणि लाकडाला वारा लागे. आता 'मजबुतीसाठी' खांबाभोवती फूटभर उंच सिमेंटचा ओटा घालतात. सिमेंट आणि लाकूड यांच्यामध्ये केसाएवढी फट पडतेच, तीत पाणी उतरते आणि बाहेर पडायला वाट नसते. बाहेरून खांब नव्या बुटासारखा चकचकीत. ओटा फोडला की आत मुठीत चुरगळणारा भुसा. दीडशे वर्षे टिकलेले लाकूड दहा-पंधरा वर्षांत मारायचा हा हमखास उपाय आहे.

सिमेंटच्या प्लास्टरचेही तेच. माती-चुन्याची भिंत जमिनीतला ओलावा शोषते आणि पृष्ठभागातून सोडते. तिच्यावर कडक, बंद थर बसवला की ओलावा आत कोंडतो, वर चढतो, क्षार प्लास्टरमागे स्फटिक होऊन विटा भुरभुरीत करतात. चार पावसाळ्यांनी प्लास्टरला फुगा येतो, खपली सुटते आणि तिच्याबरोबर भिंतीचे दोन इंच निघतात. गवंडी म्हणतो, माल कमी पडला. मग पुढच्या वेळी आणखी सिमेंट. मी सिमेंटचा वैरी नाही, भिंत बांधणाऱ्या सळयांभोवती वर मीच ते सुचवले आहे. पण श्वास घेणाऱ्या भिंतीच्या तोंडावर ते नको.

चुन्याबद्दल मात्र भोळा आदर बोकाळला आहे. गूळ, बेलफळ, उडीद, हिरडा यांची यादी सांगितली की लोकांना गुप्त विद्या कळल्याचा आनंद होतो. या वस्तूंचा उपयोग आहे, पण काम फसते ते त्यांच्या अभावी नव्हे. फसते कारण चुना नीट विरलेला नसतो. कळीचा चुना पाण्यात टाकला की उकळतो (डोळ्यांवर चष्मा नसेल तर दृष्टी जाऊ शकते, हे यादी सांगणारे सांगत नाहीत), आणि नंतर तो पाण्याखाली निदान तीन आठवडे मुरावा लागतो. न मुरलेले खडे राहिले तर प्लास्टर झाल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी ते आतल्या आत फुलतात आणि भिंतीवर टिकल्यांसारखे खड्डे पडतात. मिश्रण साधारण एक भाग चुना, दोन भाग वाळू, एक भाग सुरखी (विटांची पूड); चुन्याच्या घाणीत किंवा मिक्सरमध्ये चांगले मळलेले. थर अर्ध्या इंचाहून जाड नको, दोन थरांत काही दिवस जाऊ द्यावेत, आणि पोत्यांनी झाकून ओले ठेवावे. पावसाळ्यात तो वाळत नाही, वैशाखात फार लवकर वाळून तडकतो. दिवाळी ते होळी हाच त्याचा हंगाम. घाई असेल त्याने चुन्याच्या वाटेला जाऊ नये.

हे सगळे तंत्र हाती असूनही वाडे का पडतात? कारण वाड्याचे अकरा मालक असतात आणि त्यातले आठ गावात नसतात. शेतजमिनीचे वाटप महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदाराकडे होऊ शकते. गावठाणातल्या घराचे तसे होत नाही, त्याला नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा दिवाणी न्यायालय. घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर, जमिनीची सातबारावर, म्हणजे काळी आणि पांढरी कागदावरही वेगळी. भावांनी तोंडी वाटणी करून चौकाच्या मधोमध भिंत घातली की मोरी एकाकडे जाते आणि पाणी दुसऱ्याकडे साचते. एकाने आपले खण पाडले की दुसऱ्याच्या तुळयांची टोके उघडी पडतात. म्हणून दुरुस्तीआधी कागद. 1893 च्या वाटणी कायद्यात सोय आहे: मालमत्तेचे सरळ तुकडे पडणे रास्त नसेल तर निम्मा किंवा अधिक हिस्सा असलेल्यांच्या विनंतीवरून न्यायालय विक्रीचा आदेश देऊ शकते आणि बाकीचे हिस्सेदार न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला विक्री मागणाऱ्यांचा हिस्सा घेऊ शकतात. ज्याला राहायचे आहे त्याच्या हाती वाडा येण्याचा हा कायदेशीर रस्ता आहे. तो वापरला की 'कोर्टात खेचले' म्हणून बोभाटा होतो, एवढेच. एप्रिल 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मालमत्ता पत्रके निघू लागली आहेत. पत्रकावर सगळ्या वारसांची नावे लागली की नाही, हे चौकशीच्या वेळीच बघावे; नंतर बहिणीचे नाव राहिल्याचे लक्षात आले तर दुरुस्ती जन्मभर लटकते.

शहरातल्या हौशी खरेदीदाराने वाडा वाचेल, ही आशाही तपासून घ्यावी. कुळकायद्यामुळे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, तेव्हा त्याच्या हाती पांढरी येते, काळी नाही. मग तो हॉटेल काढतो. प्रत्येक खोलीला न्हाणीघर जोडतो, मातीच्या भिंतीतून नळ नेतो, एक सांधा गळला की महिनाभर कोणाला कळत नाही. राज्याचे 2020 चे कृषी पर्यटन धोरण शेतकऱ्याला पाहुणे ठेवायला मुभा देते, त्याचा फायदा जरूर घ्यावा. पण न्हाणीघरे परसात, वेगळ्या हलक्या बांधकामात काढावीत, आणि वायरी उघड्या लाकडावरून न नेता नळीतून न्याव्यात. 1828 च्या आगीनंतर शनिवारवाड्याची तटबंदी, दरवाजे आणि जोती तेवढी राहिली, आतले लाकडी महाल गेले. गोठ्यात जनावर आणि बळदात धान्य असलेला तीन खणांचा वाडा मला सात खोल्यांच्या सजवलेल्या वाड्यापेक्षा जास्त जिवंत वाटतो, आणि खर्चालाही कमी.

सरकारने काय करावे? केंद्राचा 1958 चा आणि राज्याचा 1960 चा कायदा संरक्षित स्मारकांसाठी आहे; गावोगावचे खासगी वाडे त्यात घालत बसलो तर ना स्मारके सांभाळली जातील ना वाडे, उलट मालकाला खिळा ठोकायलाही परवानगी लागेल. त्यापेक्षा तालुक्याला चुना विरवण्याची एक टाकी, चार शिकलेले गवंडी, दोन सुतार, आणि भिंत बघून लेखी सल्ला देणारा एक अभियंता. आणि एक काम तर ग्रामसभेच्या हातातले, बिनपैशाचे आहे. गल्लीत दर काही वर्षांनी जुन्यावर नवा काँक्रीट रस्ता चढतो, दर वेळी चार-सहा इंच. वाड्याच्या जोत्याच्या तीन पायऱ्यांची आता एक उरली आहे, रस्त्याचे पाणी दरवाजातून चौकात येते आणि भिंती खालून पाणी पितात. ते नुसत्या वाड्याचे नाही, गल्लीतल्या प्रत्येक जुन्या घराचे आहे, दलित वस्तीतल्या मातीच्या घरांचे तर अधिकच. पुढचा रस्ता टाकण्याआधी जुना खरवडून काढावा, हा एवढा ठराव येत्या ग्रामसभेत मांडता येईल.